‘चालते’ म्हणणं बंद केलं तेव्हा

१८ ऑगस्ट, सौंसर

माझ्या हातानं केलेल्या वस्तू, आठवतील तशा: कापसाची वाळली पऱ्हाटी मुळासकट उपटायचा चिमटा. माझं पहिलं वेल्डिंग मशीन, तांब्याची तार स्वतः गुंडाळून. अजून चालू आहे. शाळेचं फाटक, जे इतक्या पावसाळ्यांत एक सूतही झुकलं नाही. फवारणीच्या पंपाची लांब नळी, झाडाच्या शेंड्यापर्यंत जाणारी. संत्र्याचं ग्रेडिंग मशीन, ज्यावर फळ घरंगळत जातं आणि आपल्या आकाराच्या खणात पडतं, सालीला ओरखडा न येता. हे मी कोण्या कॉलेजात शिकलो नाही आणि कोणाचं पाहून केलं नाही. नातीसाठी लोखंडी पाळणा, कड्यांना ग्रीस, हलवला तर आवाज नाही. पाळणा अजून इथंच आहे.

हे लिहायचं कारण, आज प्रफुल्लनं काम सोडलं. चांगला फिटर होता. बोरगावच्या एका कंपनीत चालला. विचारलं, किती देऊन राहिले?

"पैशासाठी नाई जाऊन राहिलो, काकाजी. तुमच्याइतकेच देतेत. पन तथी मानसाले मानूस बोलते."

इथं कोण मुका आहे? वर्कशॉपमध्ये दिवसभर बोलणंच चालू असतं. तो पाना दे. इकडून धर. परत कर.

आता तिघं राहिले. उत्तम, वेल्डर, पहिल्यापासून माझ्यासोबत, रामाकोन्याहून बसनं येतो. कुणाल, लेथवर. करुणा, रंगाला आणि नटबोल्टला. तिच्या ब्रशची रेघ दिसत नाही. पांढुर्ण्याच्या संत्रावाल्यांच्या गटाला पाच मशिनं द्यायची आहेत, दहा ऑक्टोबरपर्यंत, आंबिया बहाराचं फळ उतरायच्या आधी. हे तिघं टिकले तर होते. यातला एकही गेला तर होत नाही, आणि मग पुढच्या वर्षी मला कोणी विचारणार नाही. पगार वाढवायची ऐपत यंदा नाही.

माझी बायको वच्छला आमच्या पोरीच्या, अमिताच्या, बाळंतपणाला नागपूरला गेली ती अजून तिकडेच. ही डायरी बियाण्याच्या दुकानातून मिळाली होती. कोरीच होती.

२० ऑगस्ट

अमिताचा फोन. प्रफुल्लचं सांगितलं. ती बँकेत आहे, तिला माणसांचं कळतं असं तिला वाटतं.

"बाबा, लोक चांगल्या शब्दासाठी थांबतात. आमच्याकडे महिन्याच्या उत्तम कर्मचाऱ्याचा फोटो लावतात. शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतात. खर्च किती येतो त्याला? तुम्ही कधी कोणाला चांगलं म्हटलं आहे का?"

"म्हणतो की. काम बरोबर झालं की ‘चालते’ म्हणतो."

ती इतकी हसली की पोरगी जागी झाली. "बाबा, ‘चालते’ फाटक्या नोटेला म्हणतात."

‘चालते’ मी उगाच म्हणत नाही. लेव्हल लावतो, जोडावरून बोट फिरवतो, मशीन रिकामं चालवतो, मग फळ टाकून चालवतो. कुठंच काही सापडलं नाही तर म्हणतो. कधी कधी महिना जातो.

पण दुपारी लेथच्या मागून खिदळणं ऐकू आलं. कुणाल सांगून राहिला होता, "आज एक ‘चालते’ भेटलं आपल्याले!"

"एकात एवढा फुगला?" करुणा म्हणाली. "माह्यावाले यंदा तीन झाले."

मी खाकरलो तसे दोघं गप्प. म्हणजे माझी नक्कल करतात. अमिता म्हणते ते खरं दिसते. आजपासून ‘चालते’ बंद. अमितानं मोबाइलवर एक लेख पाठवला आहे, कमी खर्चात कामगारांचं कौतुक कसं करावं. शुद्धलेखनाच्या पुष्कळ चुका आहेत, पण मुद्दे बरे आहेत.

२३ ऑगस्ट

काल पोळा. समोरच्या यशवंतरावांनी बैलांच्या आधी सालदाराला ओवाळलं, नवे कपडे दिले, शेजारी बसवून जेवू घातलं. तो एवढा मोठा गडी, पण लाजून पुरणपोळीकडेच पाहत होता. मला वाटलं, यात अवघड काय आहे? आपल्यालाही जमेल.

आज पांढुर्ण्याची गोटमार, नदीच्या दोन्ही काठांवरून दगडफेक. कुणाल सावरगावच्या बाजूला मामाच्या गच्चीवरून पाहायला गेला. डोकं सांभाळ म्हणालो. एवढंच सुचलं. वर्कशॉप बंद. दिवसभर रोलर तपासले. जेवायचं राहिलं.

२८ ऑगस्ट

करुणानं पहिल्या मशीनचा निळा रंग पुरा केला. हात फिरवून पाहिला. तोंडाशी ‘चालते’ आलं होतं, गिळलं. लेखात लिहिलं आहे की समोरच्याच्या डोळ्यांत पाहून, हसून, मोकळ्या आवाजात बोला. मी तसं केलं.

"वा! शाब्बास! अतिशय उत्कृष्ट!"

ती पाहतच राहिली. मग मशीनकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. "कुठी वघळ आला का, काकाजी?"

"नाही. उत्कृष्ट आहे."

"सांगून द्या ना सरळ. असं टोचून कायले बोलता?"

मी आणखी हसलो. संध्याकाळी पाहतो तर तिनं सगळी डावी बाजू पॉलिश पेपरनं घासून काढली होती, परत रंगवायला. एक डबा रंग वाया गेला.

लेखात याबद्दल काही लिहिलेलं नाही.

२ सप्टेंबर

महिन्याचा उत्तम कारागीर म्हणून कुणालला निवडलं. फोटो मोबाइलमधून छापून आणला. फ्रेम मी घरीच केली, कोपरे बरोबर पंचेचाळीस अंशांत मिळवून, फट नाही. वर्कशॉपच्या भिंतीत खिळा एकच मोकळा होता, माझ्या बाबांच्या फोटोशेजारी. लेव्हल लावून टांगला. बाबांच्या फोटोला हार आहे. एकाला हार आणि दुसरा बोडका, ते बरं दिसेना. म्हणून कुणाललाही हार घातला.

दुपारी त्याची आई डबा घेऊन आली. तिनं भिंतीकडे पाहिलं आणि डबा तिथंच खाली पडला.

"अवो माय! माह्या जित्या पोराले हार घालून टांगलं व!"

सगळी गल्ली जमा झाली. कुणाल समोर उभा होता, तिनं त्याला धरून चाचपून पाहिलं, तरी रडणं थांबेना. फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, "अन् हसून राहिला फोटोत, पाहा! देवाघरी जाताना कोन हसते?"

फोटो काढला. फ्रेम चांगली आहे, कुठंतरी कामी येईल. उत्तम कोपऱ्यात वेल्डिंगची काच तोंडासमोर धरून उभा होता. काचेमागं हसत असावा. त्याचे खांदे हलत होते.

त्याला हसताना पाहून बरं वाटलं. घरी आलो तर हे कोणाला सांगावं ते समजेना.

९ सप्टेंबर

तिसऱ्या मशीनचा पायाचा जोड वाकडा गेला आहे. उत्तमचा जोड म्हणजे डोळे मिटून बोट फिरवा, कुठंच अडत नाही. हा दोन जागी अडला. हल्ली तो लोखंड फार जवळ धरतो, आणि दोनदा काचेशिवाय पाहायचा प्रयत्न करताना दिसला. डोळ्यांचं काही असावं.

इतक्या वर्षांच्या माणसाला ‘परत कर’ कसं म्हणावं? तो गेल्यावर मीच ग्राइंडर लावून जोड घासला आणि स्वतः भरला. सफाईनं. सकाळी त्याला कळणारही नाही असा.

१० सप्टेंबर

उत्तम सकाळी त्या जोडावर बोट ठेवून बराच वेळ बसला होता. मग म्हणाला, "रात्री तुमी थांबले होते का, भाऊ?"

"थोडा वेळ."

"मंग? कसं वाटून राहिलं?"

पूर्वी असं विचारलं असतं तर मी जोड पाहून ‘चालते’ म्हटलं असतं, किंवा काहीच नाही. आता म्हणालो, "फार छान, उत्तम. फार छान काम करतोस तू."

त्यानं जोडावरचं बोट काढून घेतलं. लेखात म्हणतात तसं, कौतुकानं माणूस भारावतो.

१७ सप्टेंबर

विश्वकर्मा पूजा. आज जे केलं त्याचं मला समाधान आहे, म्हणून नीट लिहितो.

मशिनांना झेंडू, औजारं धुऊन ओळीनं मांडली. करुणानं बुंदी आणली. पूजा झाल्यावर मी उत्तमला खुर्चीवर बसवलं. तो बसेना, "माले कायले खुर्ची?" म्हणत होता. त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. शाल निळ्या काठाची पाहूनच घेतली होती, त्याला आवडेल म्हणून. देवाचा नारळ तो घेत नाही, पण सत्काराचा घेतो, हे मला माहीत आहे. दोन्हींचा मिळून खर्च माझ्या आठवड्याच्या चहापेक्षा कमी.

भाषण पाठ केलं होतं. "उत्तमनं या वर्कशॉपसाठी आपलं आयुष्य दिलं. आज इथं जे उभं आहे त्यात त्याचा घाम आहे. आपण सर्व त्याचे ऋणी आहोत. त्याच्या पुढच्या आयुष्याला माझ्या शुभेच्छा."

शेवटचं वाक्य ऐन वेळी सुचलं. चांगलं वाटलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. करुणा तोंडावर ओढणी धरून बाहेर गेली. कुणाल खाली पाहत होता. उत्तमचे डोळे भरले. तो उठला, मला वाकून नमस्कार करू लागला तर मी धरला. "एवढं केलं तुमी, भाऊ," म्हणाला. "नुसतं सांगतलं असतं तरी..."

मग त्यानं आपली काच पुसली, खिळ्याला टांगली. हातमोजे घडी करून खोक्यात ठेवले. चहाचा आपला कप घरी घेऊन गेला. धुवायला असेल.

पहिल्यांदाच असं कोणाला भारावलेलं पाहिलं. अमिताला फोन लावला, उचलला नाही. पोरीला झोपवत असेल.

१८ सप्टेंबर

उत्तम आला नाही. कालचा ताण असेल.

२० सप्टेंबर

आजही नाही. फोन वाजतो, उचलत नाही. बोरगावच्या कंपनीनं प्रफुल्लच्या मार्फत त्यालाही ओढलं असावं. शाल घेतली आणि दुसऱ्याच दिवशी पाठ फिरवली. माझ्यासारखा माणूस याच गोष्टीत कमी पडतो. आम्हाला लोखंड कळतं, माणूस कळत नाही.

त्याची काच खिळ्यावर तशीच आहे. धूळ बसू देत नाही.

२३ सप्टेंबर

नागपूरहून एक वेल्डर रोजीवर आणला. हात वेगात चालतो, तोंड त्याहून. जोडावर अशा गाठी की संत्रं काय, दगडही अडेल.

करुणा आणि कुणाल दोघंही गप्प गप्प. चहाच्या वेळी करुणानं विचारलं, "काकाजी, आमचा नंबर कवा?"

हसत विचारलं तिनं. मला बरं वाटलं. म्हणजे मनात इच्छा आहे, फक्त बोलून दाखवत नव्हती.

"तुझाही लवकरच," म्हणालो. "दसऱ्याच्या आसपास. शाल कोणत्या रंगाची पाहिजे ते सांगून ठेव."

ती पांढरी पडली. कप तसाच ठेवून आत गेली. लाजली असेल.

२८ सप्टेंबर

वच्छलेचा फोन. उत्तमचं सांगितलं, शाल दिली तेही.

"उत्तमले शाल देल्ली?" ती म्हणाली. "मले त कवा देल्ली नाई."

"तुला शालीचं काय काम?"

"तेच म्हनून राहिली."

मग नातीचं सांगितलं, पालथी पडते, आवाज ओळखते. कोणाचा? सगळ्यांचा. मी म्हणालो, दिवाळीला येणार ना? ती म्हणाली, अमिताची सुट्टी संपते, पाहू. मी म्हणालो, इथं वरणाला चव लागत नाही, तू होतीस तेव्हा ठीक होतं.

"ठीक होतं?"

"हो. तुझं वरण चालते."

मग म्हणाली, "ठेवतो. पोरगी उठली." पोरीचा आवाज मला तरी आला नाही.

४ ऑक्टोबर

आज नागपूरचे भूपेंद्र शेठ आले, मोठी गाडी घेऊन. त्यांचा शेतीच्या यंत्रांचा कारखाना आहे. आमचं एक मशीन त्यांनी पांढुर्ण्याला पाहिलं होतं. आता शेड पाहिलं, रोलर हातानं फिरवून पाहिले.

"शालिकरामजी, चीज एक नंबर आहे. पन तुम्ही वर्षात बनवता पाच-सहा. मी महिन्यात वीस बनवीन. नमुना मला द्या, साचे द्या, नाव द्या. तुम्ही या नागपूरला. कारखान्याच्या मागं दोन खोल्या आहेत, तुमच्या पोरीच्या घराजवळच. रोज नात खेळवा. कधी वाटलं तर येऊन मशीनवर हात फिरवा."

रक्कम सांगितली. मी चहा मागवला. हातातला रोलर खाली ठेवायचं विसरलो होतो.

"माझी माणसं?" विचारलं.

"अरे, त्यांचं काय? शाल-श्रीफळ देऊन मोकळं करू." ते हसले. "एकाला तर तुम्ही केलंच म्हणतात. बस स्टँडवर चहा पीत होतो, तिथंच ऐकलं. शालिकरामनं उत्तमले रिटायर केलं, पण केलं मानानं. भाषन-बिषन देऊन!"

पुढं ते काय बोलले मला नीट आठवत नाही.

शाल कोणाला देतात? मास्तराला देतात, शाळेच्या शेवटच्या दिवशी. बँकेच्या शिपायाला देतात, शेवटच्या दिवशी. मीच तीन निरोप समारंभांना पाहुणा म्हणून जाऊन आलो आहे, खुर्च्याही मीच जोडून दिल्या होत्या. पुढच्या आयुष्याला शुभेच्छा.

आणि त्याआधी त्याचा जोड मी रातोरात घासून टाकला.

आणि करुणाला म्हणालो, दसऱ्याच्या आसपास.

भूपेंद्र शेठना सांगितलं, चार दिवसांनी कळवतो. ते गेल्यावर आत गेलो. करुणा पिवळा रंग ढवळत होती.

"तुझा नंबर नाही," म्हणालो.

"कायचा?"

"कायचाच नाही. तू कुठं जात नाहीस. मी ते वेगळं समजलो होतो."

ती ढवळायची थांबली. "काकाजी, माह्या मायनं मले आठ दिवसांपासून दुसरं काम पाहाले लावलं. कंपनीत जाऊन आली मी काल."

"मग?"

"सोमवारी सांगतो म्हने." जरा वेळानं म्हणाली, "आता विचारलं त नाई म्हनीन." मग एकदम डोळे पुसून हसली. "उत्तमकाका तुमाले शिव्या देऊन राहिले असतीन घरी बसून."

दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

५ ऑक्टोबर, रविवार

रामाकोन्याला गेलो. मोटारसायकलच्या कॅरिअरला नागपूरच्या वेल्डरनं जोडलेला मशीनचा एक पाय बांधून नेला. नुसत्या हातानं जाऊन काय बोलायचं ते सुचलं नव्हतं.

शांताबाई, उत्तमची बायको, अंगणात तीळ वाळवत होती. मला पाहून पदर सावरला, पण या म्हणाली नाही.

"शाल देऊन घरी बसवलं, भाऊजी. आता लोखंड घेऊन आले. हे कायचं बक्षीस?"

उत्तम आतून आला. दाढी वाढली होती. परवाच नागपूरला दीक्षाभूमीवरच्या गर्दीत जाऊन आला होता, आवाज बसला होता. मी तो पाय खाटेवर ठेवला. त्यानं डोळ्यांनी पाहिलं नाही. बोट फिरवलं. पहिल्याच गाठीला थांबलं.

"कोनं केलं हे?"

"नागपूरच्यानं."

"काढून फेका."

"तूच येऊन काढ."

शांताबाईनं आतून शाल आणली. प्लास्टिकमधून काढलेलीही नव्हती. माझ्यापुढं ठेवली. "हे घेऊन जा पयले. रिटायर झालेल्या मानसाले कामावर कायले बलावता?"

"रिटायर केलं नव्हतं."

"मंग शाल कायची होती?"

खरं उत्तर लांब होतं. अमिता, तो लेख, फाटकी नोट. मी म्हणालो, "थंडीची."

उत्तम माझ्याकडे पाहू लागला. मग हसायला लागला. आधी बसलेल्या आवाजात खरखरत, मग खोकत, मग खाटेवर बसूनच. "आइक व शांता! थंडीची म्हने! सप्टेंबरात!" तिनंही तोंड फिरवलं, पण पाठीवरून कळत होतं.

हसून झाल्यावर तो गंभीर झाला. "डोये दिसून नाई राहिले, भाऊ. उजव्यात मोतीबिंदू हाय. मले वाटलं तुमाले समजलं, अन् तुमी माहा जोड पुसून टाकला. त्याच्या आधीपासून तुमी ‘चालते’ बी बंद केलं होतं. मी समजून गेलो. मानूस चांगला म्हनून सरळ सांगत नाई म्हटलं."

‘चालते’चं त्यानं मध्येच काय काढलं ते मला कळलं नाही. ते मी त्यांच्याचसाठी बंद केलं होतं. पण तो विषय तेव्हा वाढवला नाही.

"माहीत होतं डोळ्याचं," म्हणालो. "म्हणून तर घासला."

"मंग सांगाचं होतं."

"काय सांगू?"

"परत कर म्हनाचं."

ठरलं असं: ऑर्डर जाईपर्यंत तो करुणाजवळ बसेल. काच ती धरेल, हात तिचा, बोट त्याचं. तिला गेल्या वर्षापासून शिकायचं होतं म्हणे. मला कोणी सांगितलं नव्हतं. ऑर्डर गेल्यावर डोळ्याचं ऑपरेशन.

शांताबाईनं शाल परत आत नेली. निघताना भाकर खाऊन जा म्हणाली. मी नको म्हणालो. घरी स्वयंपाक आहे, म्हणालो. नव्हता.

१० ऑक्टोबर

पाचवं मशीन आज पांढुर्ण्याच्या आवारात उभं करून चालवलं. शेवटचे चार जोड करुणाचे, कालपर्यंत वर्कशॉपमध्ये केलेले. उत्तम तिच्या शेजारी स्टुलावर, एक बोट लोखंडावर ठेवून: "थांब. आता जा. घाई कायची हाय तुले, बस चुकून राहिली का? जा आता." एक जोड त्यानं तिला तीनदा परत करायला लावला. तिनं तोंड वाकडं केलं नाही.

मी लेव्हल लावली. जोडांवरून बोट फिरवलं. रिकामं चालवलं. मग गटाच्या लोकांनी क्रेट ओतला. संत्री घरंगळत गेली, लहान आधी, मग मध्यम, मग मोठी, आपापल्या खणात. एकही अडलं नाही. एका संत्र्याची साल उजेडाकडे धरून पाहिली. ओरखडा नाही.

काही सापडलं नाही. खूप शोधलं. तोंडातून निघून गेलं, "चालते."

कुणाल ओरडला, "भेटलं व, करुणा! भेटलं!" करुणानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. उत्तमनं तिच्या डोक्यावर टपली मारली. "पयलंच ना वेल्डिंगचं? मले पयलं भेटाले दीड वर्स लागलं होतं." मग करुणानं स्वतःच्या पैशानं सगळ्यांना चहा पाजला, गटाच्या लोकांनाही, आणि मला दोन कप.

हे सगळे कशाला एवढे हरखले, ऑर्डर तर माझी पुरी झाली, ते विचारायचं होतं. पण चहा गोड होता, आणि उत्तमनं आपला घरचा कप सोबत आणला होता. राहू दिलं.

१३ ऑक्टोबर

परवा पाळणा नागपूरच्या बसवर टाकून पाठवला. कंडक्टरनं आधी जास्त वजन म्हणून हुज्जत घातली, मग कडी हलवून पाहिली, आवाज नाही, तर स्वतःच टपावर बांधला.

आज वच्छलेचा फोन.

"पाळना पोचला. पोरगी झोपली त्याच्यात. दोन घंटे झाले."

शेवटी मीच विचारलं, "कसा झाला?"

"चालते," ती म्हणाली.

तिकडे हसण्याचा आवाज आला का, ते नक्की सांगता येत नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ तिचा तो शब्द कानात फिरवून पाहिला, जोडावरून बोट फिरवतो तसा. चांगलं म्हणाली की टोचून बोलली, अजून ठरत नाही. एवढं मात्र कळलं की परत ऐकायला मिळावं असं वाटते.

दिवाळीचं तिनं काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

भूपेंद्र शेठचं कोणाला सांगितलेलं नाही. उत्तमला नाही, तिलाही नाही. इथं लिहून ठेवतो. मशीनचा नमुना, साचे आणि नाव. बदल्यात नागपुरात दोन खोल्या, अमिताच्या घरापासून पायी जाता येईल इतक्या जवळ, आणि चौदा लाख रुपये. नाही म्हणालो.